हाळु आणि हालु

शामण्णा मास्तरांच्या कवितेतली ती ओळ ठाऊक नाही असा माणूस धारवाडात सापडायचा नाही. 'बेळदिंगळल्लि नम्मूरु हालु', चांदण्यात आमचा गाव म्हणजे दूध. ती शाळांच्या भिंतींवर आहे, लग्नपत्रिकांवर आहे, दूधवाल्याच्या टेम्पोवर तर आहेच. मास्तरांना जाऊन अठरा वर्षं झाली, तरी ओळ ऐकली की सगळे माना डोलावतात. फकीरप्पा कडेमनी मात्र मान खाली घालतो.

फकीरप्पा छापखान्यात कंपोझिटर होता. चाळीस वर्षं त्याने अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. मास्तरांचं अक्षर वाचू शकणारे गावात दोघंच, एक फकीरप्पा आणि दुसरे स्वतः मास्तर, पण मास्तरांचा भरवसा नसे. शब्द खोडायचे, मग पस्तावायचे, मग पुन्हा तोच लिहायचे. शेवटी फकीरप्पानेच त्यांना शिकवलं, "मास्तर, खोडलेलं परत हवं असेल तर त्याच्याखाली तीन टिंबं द्या. टिंबं म्हणजे राहू दे. मला कळेल."

हुशार कंपोझिटर खणाकडे बघत नाही. डोळे कागदावर, बोटं खणात. पण आदल्या दिवशी वापरलेले खिळे आपापल्या खणात परत लावताना याच बोटांनी 'ळु'च्या खणात 'लु' टाकले होते. बासष्ट सालचा दिवाळी अंक, छपाईची घाई, त्यात मास्तर तापाने आडवे. प्रूफ मालकांनी पाहिलं, म्हणजे कुणीच पाहिलं नाही. अंक हातात आला तेव्हा फकीरप्पाला घाम फुटला. मास्तरांनी लिहिलं होतं 'हाळु', म्हणजे उजाड. प्लेगात ओस पडलेल्या गावाची ती कविता, आणि याने गावाचं दूध करून ठेवलं! हस्तलिखिताचं ते पान त्याने गुपचूप टोपीत घातलं आणि घरी पेटीच्या तळाशी पुरलं.

मास्तर बरे होऊन छापखान्यात आले आणि दारातूनच म्हणाले, "काय फकीरप्पा, दूध प्यालास का?"

दुसरा कुणी हसून हो म्हणाला असता. पण चोराच्या मनात चांदणं. मास्तरांना चूक कळली म्हणायची की नाही? कळलं तर ओरडत का नाहीत? दोन वर्षांनी बंगळुरूला पुस्तक छापलं, त्यातही दूधच. म्हणजे कळलं नाही. पण मग भेटतील तेव्हा "दूध प्यालास का?" कशाला? म्हातारा हळूहळू सूड घेतोय, अशी फकीरप्पाची खात्री झाली. त्याने दूध सोडलं ते सोडलंच. पुढे मास्तर वारले तेव्हा हा ढसाढसा रडला, आणि रडताना जरा सुटल्यासारखंही वाटलं, याची त्याला आजही लाज वाटते.

अशात मास्तरांची जन्मशताब्दी आली आणि प्रोफेसर संगमेश बागेवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. मास्तरांची समग्र कविता तेच छापणार होते.

"पेढे कशाला?" फकीरप्पाने पुड्याकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं.

"सहज हो, अज्जा. तुम्ही मास्तरांची माणसं."

"सहज कुणी अर्धा किलो आणत नाही."

सून निंगव्वा हसली, तर त्याला तिचाही संशय आला. हिनेच पेटीचं सांगितलं असेल! पुढच्या खेपेला प्रोफेसरांनी दिवाळी अंकाच्या हस्तलिखितांचा विषय काढला. "सगळी पानं मिळाली, एवढं या ओळीचं पान नाही." ते गेल्यावर फकीरप्पाने पान काढलं आणि न्हाणीच्या चुलीपाशी जाऊन बसला. पण मास्तरांचं अक्षर जाळायला हात धजेना. पान पुन्हा पेटीत गेलं.

तिसऱ्या खेपेला प्रोफेसर खुशीत होते. "अज्जा, सापडलं! मास्तरांच्या कपाटात बंगळुरूच्या पुस्तकाचं प्रूफ निघालं. बघा, लाल शाईने 'लु' खोडून बाजूला 'ळु' लिहिलंय. बंगळुरूच्या गाढवांनी ती दुरुस्ती घेतलीच नाही. आता आपल्या पुस्तकात गाव उजाडच छापणार."

"म्हणजे दोष बंगळुरूवाल्यांचा?" फकीरप्पाने जपून विचारलं.

"मग कुणाचा? अंकाच्या वेळी मास्तरांनीच दूध लिहिलं असेल. तुमचं कुणी नाव घेणार नाही."

सुटला की! चव्वेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं. आता फक्त गप्प बसायचं. पण जन्माची सवय, त्याने भिंग लावून प्रूफ डोळ्यांजवळ धरलं. खोडलेल्या 'लु'खाली काहीतरी होतं.

"हे काय?"

"कसर लागलीय."

"कसर मोजून तीन टिंबं पाडत नाही, सर. ही टिंबं आहेत. म्हणजे राहू दे. मास्तरांनी आधी दुरुस्त केलं, मग म्हणाले, दूधच राहू दे."

प्रोफेसर हसले. "अज्जा, तुम्ही म्हणता म्हणून? लोक पुरावा मागतील."

पुरावा पेटीत होता. त्याच पानावर वरच्या ओळीत मास्तरांनी एक शब्द खोडून खाली तीन टिंबं दिली होती आणि अंकात तो शब्द छापलाही होता. पण पान दाखवायचं तर तिथेच खाली 'हाळु' लिहिलेलं दिसणार, आणि ते चोरून कुणी ठेवलं तेही.  फकीरप्पा उठला आणि पान आणून प्रोफेसरांच्या मांडीवर ठेवलं.

"चूक माझी. बंगळुरूवाल्यांना शिव्या देऊ नका. मला द्या. पण ओळीला हात लावू नका."

प्रोफेसर कधी पान बघत, कधी प्रूफ. फकीरप्पा त्यांच्याकडे बघतच नव्हता. वीस-पंचवीस वर्षं त्या भल्या माणसाने रागावायचं सोडून थट्टा केली, आणि आपण प्रत्येक वेळी मान खाली घातली. 

आतून निंगव्वा म्हणाली, "मामा, तुम्हाला काळा चहाच ना?"

"नको गं. दूध दे. मास्तर केव्हापासून विचारतायत."