आमचे बँकॉकचे शेठ

आमचे शेठ कोणाशीही बोलत असले, तरी त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली असे. याच्याहून मोठं कोणी दिसतंय का, हे ते शोधत असत. बँकॉकच्या या गडगंज माणसाने कोलोनजवळचा आमचा पॅकिंग मशीनचा कारखाना विकत घेतला. त्यांना जर्मनचं अक्षर कळत नसे, म्हणून त्यांचं इंग्रजी कामगारांना जर्मनमध्ये सांगायचं काम माझ्याकडे आलं. 'शेठ' हे नाव मी घरी नवऱ्याशी बोलताना ठेवलं आणि तेच तोंडात बसलं.

जेवायला नेलं की सगळ्यांचे पदार्थ शेठच मागवत. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर म्हणाले, "आज माझ्यासाठी खा." मी नुसते बटाटे खाल्ले. त्यांनी पाहिलंही नाही. दोन घास घेऊन ते उठले, आणि त्यांच्या मागोमाग सगळे मॅनेजर भरल्या ताटांवरून उठले.

भाषणात त्यांचं बालपण हमखास यायचं. आईबरोबर होडीतून नूडल्स विकल्या, कालव्याच्या पाण्यात भांडी घासली, वगैरे. ते पहिल्यांदा जर्मनमध्ये सांगताना मला त्यातलं अक्षरन् अक्षर खरं वाटलं होतं.

मग त्यांचे थोरले भाऊ कर्करोगाच्या उपचारांसाठी कोलोनला आले. शेठही तेव्हा इथेच, ऱ्हाइनच्या काठच्या हॉटेलात उतरलेले. हॉस्पिटल तिथून चालत जाण्यासारखं. "मला आजारपणाचा वास सोसत नाही," ते मला म्हणाले. "तू गोड बोलतेस, तूच जात जा."

थोरले अगदी वाळून गेले होते, पण गप्पिष्ट; माझ्याशी इंग्रजीत बोलत. मी होडीचा विषय काढला, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं, होडी मी वल्हवायचो. तो जन्मला तेव्हा आम्ही होडी विकून दुकान थाटलं होतं. त्याला तर होडीत बसलं की मळमळतं!" जरा दम खाऊन म्हणाले, "सांगू दे त्याला. धाकटा आहे." मग दाराकडे बघत विचारलं, "येणार आहे ना तो?"

थोरल्यांचा हा प्रश्न मी शेठना जसाच्या तसा सांगितला. फोनवरून नजर न काढता ते म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशीही "उद्या"च.

एका दुपारी थोरल्यांनी माझा हात घट्ट धरला आणि थाईत काहीतरी पुटपुटले. मला एवढंच कळलं, की त्यात शेठचं लाडाचं नाव होतं. ते मी त्यांच्या तोंडून रोज ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांची बोटं सैल पडली.

कारखान्याच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. शेठ काळ्या सुटात उभे राहिले, रुमालाने डोळे टिपले आणि इंग्रजीत म्हणाले, "शेवटच्या क्षणी माझ्या भावाचा हात माझ्या हातात होता." मग माझ्यासाठी थांबले.

मी माइक जवळ घेतला आणि स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "शेवटच्या क्षणी थोरल्यांजवळ घरचं कोणीही नव्हतं. हे हॉस्पिटलपासून चालण्याच्या अंतरावर हॉटेलात होते, आणि एकदाही आले नाहीत."

कँटीनमध्ये कामगार शेठकडे टक लावून बघत राहिले. भाषण चांगलंच भिडलं असं वाटून शेठनी माझ्याकडे पाहत समाधानाने मान डोलावली. मी माइक टेबलावर ठेवला, कोट उचलला आणि कायमची बाहेर पडले.