सिग्नल आप्पांची एकोणीस घरं

सिग्नल आप्पा कॉम्प्युटरला कुठलाही हुकूम देण्याआधी तो मोठ्याने वाचायचे आणि शेजारी बसलेल्या माणसाकडून परत म्हणवून घ्यायचे. शेजारी बसलेलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा मीच. मलकापुरातल्या आमच्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. पुस्तकांपलीकडे मला यंत्रातलं फारसं कळत नसे आणि तसं मी त्यांना एकदा सांगितलंही. ते म्हणाले, "कळायला नगं, बाई. नुसतं ऐका. मी बोलतोय एक आन् बोट दाबतंय दुसरंच, ह्ये माझं मला दिसत न्हाई. शेजारच्याला दिसतं."

ही सवय फौजेतली. सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून ते हवालदार म्हणून घरी आले होते. वायरलेसवर निरोप आला की घेणाऱ्याने तो परत वाचायचा, पाठवणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच निरोप पोचला असं धरायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते कॉम्प्युटर शिकले. गावाकडचा ऊस पुतण्या बघायचा, त्यामुळे आप्पा सकाळी वर्तमानपत्रं वाचायला वाचनालयात येऊन बसत. एक दिवस आमचं यंत्र अडून बसलं, ते त्यांनी चालू करून दिलं आणि तेव्हापासून ते आमचेच झाले. पगार नाही, नेमणुकीचं पत्र नाही. हजेरीपुस्तकात मात्र रोज सही करायचे.

त्याच सुमारास आमच्या समितीने एक काम काढलं होतं. आपल्या भागात असं घर विरळा, जिथलं कुणी फौजेत गेलं नाही. त्या म्हाताऱ्या जवानांच्या आणि त्यांच्या आया-बायकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या. लहानसा रेकॉर्डर कापडी पिशवीत घालून आप्पा स्कूटरवरून हिंडायचे. वाईपासून कुंडलपर्यंत कितीतरी घरांत ते जाऊन बसले. बायका त्यांच्यापाशी बोलायच्या, कारण ते मध्ये तोंड घालत नसत. एकीने रेकॉर्डरकडे बघत नुसता पदर चाचपण्यात दहा मिनिटं घालवली होती. ती दहा मिनिटंही त्यांनी कापू दिली नाहीत. "गप बसल्यात त्या. त्ये बी त्यांचंच हाय," म्हणाले.

हे आवाज ठेवायला त्यांनी मागच्या खोलीत एक लिनक्सचं यंत्र जुळवलं होतं. नवी डिस्क आली की तिचे ते आधी भाग पाडत. मला समजावं म्हणून म्हणाले होते, "डिस्क म्हंजे पड रान, बाई. आदी बांध घालायचं, मग पेरायचं." यंत्राची स्वतःची एक छोटी डिस्क होती आणि आवाजांसाठी सारख्या मापाच्या दोन मोठ्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं. याला ते आरसा म्हणत. त्या दोघींची नावं त्यांनी ठेवली होती थोरली आणि धाकटी.

एकाच गोष्टीसाठी दोन डिस्का कशाला, असं आमच्या चिटणिसांनी बैठकीत विचारलं. आप्पांनी सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं, एका म्हातारीचं बोलणं लावलं आणि ते चालू असताना थोरलीची वायर ओढून काढली. म्हातारीचा आवाज जराही अडखळला नाही. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा हसले नाहीत. "टाळ्या नगं. डिस्क मेली तर आरसा वाचवतो. मानसाचा हात चुकला, तर आरशात बी त्योच हात चुकतो." म्हणून दर गुढीपाडव्याला आणि दर दिवाळीला ते तिसरी प्रत काढत आणि ती माझ्या घरच्या कपाटात ठेवायला देत. अधल्यामधल्या महिन्यांचं सारं थोरली-धाकटीच्या भरवशावर असायचं. दोघींवर उतरलं की रेकॉर्डरमधलं कार्ड पुढच्या घरासाठी पुसलं जायचं.

त्या वर्षी पौषात त्यांच्या पत्नी गेल्या. दोन-अडीच महिने त्या अंथरुणावर होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला हळदीकुंकू लावायला सुनेला हाक मारली होती आणि आप्पांना म्हणाल्या होत्या, "बाईस्नी नीट बसाया द्या की." पंधराव्या दिवशी आप्पा पुन्हा वाचनालयात आले, हजेरीवर सही केली आणि कामाला बसले. बोलणं कमी झालं होतं. कधी वर्तमानपत्राचं एकच पान अर्धा तास समोर धरून बसत. विचारायचं कसं हेच मला सुचत नव्हतं.

फाल्गुनात थोरली बंद पडली. आप्पांना धक्का बसला नाही. यासाठीच तर आरसा होता. त्यांनी नवी डिस्क आणवली आणि थोरलीच्या जागी बसवली. नव्या डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यं लिहून, म्हणजे आधीचं काही असेल ते सगळं पुसून, ती तपासायची, मग भाग पाडायचे, मग धाकटीवरचं तिच्यावर उतरू द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. यातल्या पहिल्या पायरीला मी लागायची. ते पडद्यावरचा डिस्कचा नंबर वाचायचे, मी नोंदवहीतला बघून 'बरोबर' म्हणायची. एवढंच माझं काम.

त्या दिवशी सकाळी अकराला ते माझ्या टेबलापाशी आले. "बाई, जरा ऐकायला येता का?"

दुपारी वाचनालयाची तपासणी होती. साहेब कधीही येतील म्हणून मी रजिस्टरं मांडत होते. मी वर न बघताच म्हणाले, "आज तुमचं तुम्हीच करा ना, आप्पा. तुम्हाला कशाला कुणी ऐकायला हवं?"

ते "व्हय, करतो," म्हणाले आणि गेले.

यंत्र चालू होताना डिस्का ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने त्यांना ए, बी अशी अक्षरं देतं. थोरली नेहमी ए असायची, म्हणून तिच्या जागी बसवलेली नवीही ए असणार असं आप्पा धरून चालले. त्या दिवशी यंत्राने ए हे अक्षर धाकटीला दिलं होतं. आप्पांनी ए वर शून्यं लिहायला सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिले. तपासणी आटोपून मी मागे गेले तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"बाई," ते म्हणाले, "एक मेली व्हती. दुसरी मी मारली."

पुण्यातल्या एका जाणकाराकडे दोन्ही डिस्का पाठवल्या. धाकटी कोरीच होती आणि थोरलीतून काही निघालं नाही. माझ्या कपाटातल्या प्रतीमुळे दिवाळीपर्यंतचं सगळं वाचलं. दिवाळीनंतरची एकोणीस घरं गेली.

समितीची बैठक बसली. चिटणीस आता आप्पांच्या बाजूने होते. ते म्हणाले, "यंत्र बिघडलं असंच लिहू. खोटंही नाही ते." आप्पांनी खिशातून स्वतः लिहून आणलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'चूक माझ्या हातून झाली.' मी सांगायचा प्रयत्न केला की त्यांनी मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "हात माझा व्हता," म्हणाले. मग अध्यक्षांना विचारलं, "त्या घरांस्नी कुनी सांगायचं?" पत्रं पाठवू, असं ठरत होतं. आप्पा म्हणाले, "आवाज घ्यायला मी गेलतो. गेला म्हनून सांगायला बी मीच जानार."

नोंदवहीतून त्यांनी एकोणीस नावं उतरवून घेतली आणि चैत्राच्या उन्हात निघाले. त्यांतली तीन माणसं रेकॉर्डिंगनंतर वारली होती. मी दोनच घरी बरोबर गेले. वाईला घाटाजवळच्या घरातल्या आजी खडखडीत होत्या. "गेलं तर गेलं, परत सांगते," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे सुरू झाल्या. आप्पांनी लगबगीने रेकॉर्डर काढला. कराडजवळच्या दुसऱ्या घरी मात्र जिचा आवाज घेतला होता ती आई आता नव्हती. तिचा मुलगा उंबऱ्यातच उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आमी तुमच्यावर इस्वास ठिवला, आप्पा. तुमी जावा आता." परतताना आप्पांनी वाटेत उसाच्या कडेला स्कूटर थांबवली आणि मला म्हणाले, "तुमी नगा येऊ आता, बाई. तुमाला बघून मानसं बोलायची थांबत्यात. त्यास्नी बोलू द्यावं." पुढची सतरा घरं ते एकटे गेले. प्रत्येक घरापुढे तारीख घालायचे. तिथे काय झालं हे कधी सांगितलं नाही.

यादी संपली तसं त्यांनी यंत्राचं सगळं मला शिकवलं. आता कीबोर्डवर मी आणि शेजारी ऐकायला ते. मी चुकले की ओरडायचे नाहीत, नुसतं 'परत वाचा' म्हणायचे. पुढच्या पावसाळ्यात त्यांना धाप लागायला लागली आणि दिवाळीच्या आत ते गेले. हजेरीपुस्तकातली त्यांची शेवटची सही जरा वाकडी आहे. ते पान मी कितीदा तरी उघडून बघितलं आहे.

ते गेल्यावर महिन्याभराने कॉलेजात शिकणारी एक मुलगी वाचनालयात आली. कुंडलच्या सोनाक्कांची नात. तिचे आजोबा जुने जवान, त्या तीन वारलेल्या माणसांतले एक. ती म्हणाली, "आप्पा आमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं, आजोबांचा आवाज ऐकवायला आलेत. म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. ते वेगळंच सांगायला लागले आणि बंद करायचं राहून गेलं. आजी म्हणाली, हे वाचनालयात नेऊन दे."

मी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मुलीने फोन टेबलावर ठेवला. आधी भांड्यांचा आवाज, मग खुर्ची ओढल्याचा. सोनाक्का 'चहा घ्या' म्हणतात, आप्पा 'आदी सांगतो' म्हणतात. मग आप्पा सगळं सांगतात, अक्षर चुकलं कसं इथपासून. माझं नाव त्यात कुठे येत नाही. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर जातो.

मग सोनाक्का विचारतात, "तुमच्या घरचं बी कुनाचं व्हतं का हो त्यात?"

"व्हतं," आप्पा म्हणतात. "आमच्या मंडळींचं. श्येवटच्या दिसांत घेतलं व्हतं, थोडं थोडं करून. वहीत चढवायचं ऱ्हायलं. त्यामुळं यादीत न्हाई त्ये. कुनाला सांगायचं बी न्हवतं."

"मला सांगितलंसा न्हवं आता," सोनाक्का म्हणतात. "बसा. जाऊ नगा लगीच. काय बोलल्या व्हत्या त्या, त्ये सांगा मला."

आणि आप्पा सांगायला लागतात.