नाव-गाव अपूर्ण

शरीफाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी व्हिसाचा अर्ज तपासत होते. हातात लाल पेन होतं. “दीदी, बाजी चली गयी… खलास.” इथं दुबईत आम्ही हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो. दूध खलास, पेट्रोल खलास, मीटिंग खलास. तिची बाजी म्हणजे आमची कुंदाताई, तिलाही तोच शब्द लागला. मी पेनाला टोपण लावलं. घरी आल्यावर लेकीला सांगितलं, तर तिनं विचारलं, “द लाडू आंटी? शी डाइड?” बारा वर्षांच्या पोरीच्या लेखी ती अळिवाच्या लाडवांची आंटी. माझ्या लेखी कोण होती, ते सांगायला दीड महिना लागला, आणि आजही धड जमेल असं वाटत नाही.

कुंदाताई गुहागरकडची. तिकडं आरोग्य केंद्रात बारा वर्षं नर्सबाई होती. नवरा उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फोरमन, म्हणून ती इकडं आली. इथं तिच्या सर्टिफिकेटाला कुणी विचारलं नाही. माझ्या बाळंतपणाला ना आई येऊ शकली, ना सासूबाई. कुणीतरी हिचं नाव सुचवलं, आणि ही बाई ओळख ना पाळख, पिशवी घेऊन दुबईला आमच्या दारात उभी! तेरा दिवस राहिली. माझ्या नवऱ्यानं लेकीचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, तो पहिल्या दिवसापासून तिला नावानं हाक मारायला लागला. कुंदाताईनं त्याला असा दम भरला म्हणता! “बारसं होईतो ती नुसती बाळ. आधी नीट राहू दे तिला, मग काय ती हाक मारा.” बाराव्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाळणा तिनंच बांधला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पुढं तिनं आपल्या वस्तीतच काम सुरू केलं. वर्कशॉपांच्या मागं जुनी बैठी घरं, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं. कुणी पेशावरकडचं, कुणी आंध्रातलं, कुणी केरळातलं, काही आपली कोकणातली. ड्रायव्हर, शिंपी, मेकॅनिक. बायकांकडं हेल्थ कार्ड नाही, हॉस्पिटलच्या बिलाची धास्ती, त्यामुळं अगदी गळ्याशी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. माझी लेक गार एसीत, फुलांच्या गुच्छात जन्मली. तिथून तासाभराच्या अंतरावर लेकरं तिसऱ्या दिवशी, सहाव्या दिवशी जायची. कुणाचं वजन कमी, कुणाची कावीळ वेळेवर कळली नाही. “पासपोर्ट बघून श्वास मिळतो काय गो इथं?” ती एकदा चिडून म्हणाली होती. तिनं पाच बायका जमवल्या, प्रत्येकीला एक गल्ली दिली. गरोदर बाईच्या घरी चक्कर मारायची, आणि दर गुरुवारी सकाळी कुंदाताईच्या खोलीत बाळांची वजनं. हुकाला लावायचा स्प्रिंगचा काटा आणि जुन्या साडीची झोळी, एवढंच सामान. त्या पाचजणींत शरीफा होती, पेशावरकडच्या एका ट्रक ड्रायव्हरची बायको. एकच अडत होतं. गाडी नव्हती. नवरे पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, टॅक्सी गल्लीत यायची नाही. एक जुनी व्हॅन आणि वर्षभराचा ड्रायव्हर एवढं आमच्या मराठी मंडळानं द्यावं, असं तिचं मागणं होतं.

मंडळाची सेक्रेटरी मी. कमिटीत पहिला प्रश्न आला, “यात आपले किती?” म्हणजे मराठी किती. मला तेव्हाच उठून चार शब्द सुनवता आले असते. पण मी दीड शहाणी! मी तोडगा काढला, फॉर्म बनवला. गेल्या दोन-तीन वर्षांत दगावलेल्या बाळांची यादी मागितली. एक रकाना बाळाच्या नावाचा, एक गावाचा. नाव-गाव कळलं की आपला कोण, परका कोण ते न विचारता कळतं… केवढा अभिमान वाटला होता मला माझ्या हुशारीचा!

फॉर्म भरून आला. नर्सबाईचं गोल, स्वच्छ अक्षर. अकरा ओळी. नावाच्या रकान्यात अकराही ठिकाणी ‘बाळ’. गावाच्या रकान्यात अकराही ठिकाणी ‘उम्म अल कुवैन’. माझं डोकंच सणकलं. वाटलं, बाई हातचं राखून लिहितेय, मराठी फारशी नाहीत हे लपवतेय. लाल पेनानं वर लिहिलं, ‘नाव-गाव अपूर्ण. पूर्ण करून पाठवावे.’ आणि दिला परत पाठवून.

तिचा फोन आला. “नीलिमा, अगं, नावं कुठनं आणू मी?”

“त्यांच्या घरी विचारा ना ताई. अपूर्ण फॉर्म नेला तर कमिटी मला धरेल.”

ती म्हणाली, “बरं.” मी फोन ठेवला. बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं आणि जिथं जन्मलं तिथंच संपलं त्याला दुसरं गाव नसतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. ते दिवस सुट्टीचे. निम्मी कमिटी भारतात गेली. मीही गेले, लेकीला घेऊन, महिनाभर आंबे खायला.

परत आले तर टेबलावर तोच फॉर्म. एक अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त खाली बारावी ओळ वाढली होती. ‘बाळ. उम्म अल कुवैन.’

ते शरीफाचं होतं. चौथ्या दिवशी शुक्रवारी भरदुपारी ते दूध तोंडात धरेना. नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. नमाजाची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुंदाताई बाळाला पदराखाली धरून आणि ओली बाळंतीण शरीफा तिच्यामागं, अशा दोघी उन्हात तासभर गाडीसाठी उभ्या होत्या. गाडी मिळाली, पण फार उशिरा. हे मी तिथं गेल्यावर कळलं. त्या संध्याकाळी मी कमिटीत इतकी भांडले की पंधरा दिवसांत व्हॅन दारात! म्हणजे आधीही भांडता आलं असतं. व्हॅनसमोर फोटो निघाला, त्यात मधोमध मी, हार घातलेली. तो फोटो मी फाडून टाकला, तरी कुणाकुणाच्या आल्बममध्ये असेलच.

कुंदाताई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी गुरुवारी जायचे, आज सांगायचंच असं ठरवून. “काय गो, तोंड एवढंसं का?” ती विचारायची. “काही नाही, ऊन लागलं,” मी म्हणायचे, लेकीसाठी लाडवांचा डबा घेऊन परतायचे. पुढं आम्ही दुबईच्या दुसऱ्या टोकाला, मरीनाला राहायला गेलो, तेव्हा लांब पडतं ही सबबही मिळाली. शेवटची भेट ती आजारी असताना. मी धीर करून म्हटलं, “ताई, तो फॉर्म…”

“कुठला फॉर्म गो? काट्याची स्प्रिंग सैल झालीय. दोनशे ग्रॅम जास्तीच दाखवतो मेला. नवीन आण बघू.”

खरंच विसरली होती, की मला सोडवत होती… आता कुणाला विचारू? काटा आणायचाही राहिला.

मागच्या गुरुवारी नेला. खोली तशीच. झोळी तिच्याच हिरव्या साडीची. व्हॅन आता या बायका स्वतःच वर्गणी काढून चालवतात. शरीफाला तो फॉर्म मीच परत पाठवला होता हे ठाऊक नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर मी हे मराठीत लिहितेय. इथंही भित्रीच मी. तिनं वजनांची वही माझ्या हातात दिली, “दीदी, तुम लिखो.” झोळीत नऊ दिवसांचं लेकरू होतं. दोन किलो आठशे. नाव विचारलं, तर त्याची आई, कोवळी तेलुगू पोर, लाजून मान हलवायला लागली. अजून ठेवायचं होतं.

मी लिहिलं, बाळ. पुढच्या रकान्यात, उम्म अल कुवैन.

“क्या लिखा, दीदी?”

मी वाचून दाखवलं. शरीफा झोळीची गाठ सोडत होती. मान वर न करता म्हणाली, “मेरेवाले का भी बाजी ने यही लिखा था.”