फिरत्या स्टुलावरचा आरसा

माझी मावशी शिवणकाम करायची आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, तेही शिंपीच. पुढच्या खोलीत दोघांच्या मशिनी, मागे तीन भिंतींत कोंडलेलं एवढंसं अंगण. तिथे ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकलं न टेकलं की निघालं.

काकांनी हट्टानं तिथेच भाजी लावली. ट्रायलचा आरसा जुन्या फिरत्या स्टुलाला बांधला आणि स्टूल अंगणातल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं, कारण तिथे ऊन जास्त टिकायचं. आरशातून ते खाली वाफ्यावर पडायचं. सूर्य सरकला की कवडसा भरकटायचा, म्हणून काका दुपारभर स्टूल हळूहळू फिरवत बसायचे. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो, आरशाशिवाय कॉलर बघू कशी?"

"वाकडी असली तर मी सांगतो ना!"

पालक, मुळा तरारले. टोमॅटोनं नुसतीच फुलं दाखवली. फळ धरायच्या आधीच काका वारले.

त्यानंतर आरशाला कुणी हात लावला नाही. तरी कवडसा टोमॅटोवरून हलेना. मी म्हटलं, वाऱ्यानं फिरत असेल. मावशीनं शिवणाच्या खडूनं स्टुलावर वाफ्याच्या दिशेनं रेघ मारली आणि आम्ही दोघी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. पानही हलत नव्हतं. ऊन उतरल्यावर वर जाऊन पाहिलं, तर रेघ वळून भिंतीकडे गेलेली. मी दोन पायऱ्या खाली उतरले. मावशीनं मात्र केस सारखे केले. "आलेत ते," म्हणाली.

तिचा मुलगा तिला न्यायला आला होता. "आई, माझ्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं. हवे तेवढे टोमॅटो लाव."

"आणि हे आले नि घरात कुणी नसलं तर?"

त्यानं कपाळावर हात मारला. आरशानंच आईच्या डोक्यात भूत भरवलंय असं ठरवून त्यानं स्टूल जिन्याच्या कठड्याला करकचून बांधलं.

दुसऱ्या दिवशी कवडसा वाफ्यावरून घसरला, भिंतीवर चढला आणि विझला. कुठल्याही आरशाचा विझतो तसाच. मावशी उंबऱ्यावरच बसून होती.

"हात बांधलेस रे त्यांचे."

मग तिनं आपली कात्री फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. "चल. आता कुणासाठी थांबू?"

मला राग आला, त्याचाही आणि तिचाही. किल्ली माझ्या हातात देऊन दोघं निघाले.

पाणी घालायला मी दुसऱ्या दुपारी गेले. दोरी तशीच होती, गाठही तीच. टोमॅटोला मण्याएवढं हिरवं फळ धरलं होतं, पण ते सावलीत. कवडसा उंबऱ्यावर पडला होता, मावशी बसायची तिथे. मी झारी रिकामी केली, तण उपटलं. ऊन भिंतीवर पार वर सरकलं, तरी कवडसा दारातून हलेना.

मला रडूच फुटलं. ती घर सोडून गेली, हे काकांना सांगायचं माझ्यावर आलं होतं.