उजेड कमी पडतोय

डेपोत त्यांना सगळे कासवराव म्हणायचे. बस इतकी जपून चालवायचे की बाकीचे ड्रायव्हर टिंगल करायचे. त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर मात्र वर्षानुवर्षं तोच होता, आणि दुसरी गाडी मागायचं त्याच्या कधी मनातही आलं नाही. "आपल्या गाडीत लोक झोप काढायलाच चढतात, कासवराव," असं म्हणत तो पुढच्या बाकावर टेकून शिल्लक सुटे मोजायचा.

मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घरात नवराबायको दोघंच उरली. तिच्या अभ्यासाचं टेबल रिकामं बघवेना, म्हणून कासवरावांनी त्यावर काचेची टाकी आणून ठेवली. मासे नावापुरते. खरी हौस होती ती पाण्याखाली वाढणाऱ्या झाडांची. बायको म्हणाली, "या वयात सवत आणलीत, तीसुद्धा पारदर्शक."

दुकानातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी लाइट ठरवा, मग झाडं. साध्या लाइटवर जावा फर्न आणि अनुबियास घ्या. ही सावलीतली झाडं. मुळं रेतीत पुरायची नाहीत, लाकडाला दोऱ्यानं बांधायची, मुकाट वाढतात. तांबड्या पानांची हवी असतील तर लाइट जोरदार लागतो, मग खतही द्या, पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा गॅसही सोडा. नुसताच उजेड वाढवलात, तर झाडांच्या आधी शेवाळच जेवून घेईल."

कासवरावांनी सावलीतली झाडं घेतली, साधी एलईडी पट्टी घेतली. काही महिन्यांत टाकी अशी भरली की शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या.

मग कधीतरी त्यांना टाकी मंद वाटायला लागली. पानांचा रंग विटल्यासारखा दिसायचा, टाकीच्या कडा काळवंडलेल्या वाटायच्या. पट्टी काढून ते दुकानात गेले. बाईंनी ती लावून बघितली.

"हिला काही झालेलं नाही."

"नाही कसं? उजेड कमी पडतोय."

बाईंनी खांदे उडवले आणि जास्त जोराची पट्टी काढून दिली. थोड्या दिवसांनी कासवरावांनी तिच्या शेजारी आणखी एक बसवली. मग मात्र शेवाळ सुटलं. आधी काचेवर हिरवी साय धरली, मग पानांवर काळे केस उगवले. रोज ड्यूटीवरून आलं की बाही दुमडून ते काच खरवडत बसायचे.

"खालचा कोपरा राहिलाय," बायको म्हणायची.

"कुठला?"

"अहो, तुमच्या हाताशीच आहे की."

तिचे डोळे दिपायचे. टाकीकडे पाठ करून ती भाजी निवडायला बसायची. एकदा न राहवून म्हणाली, "माझं या उजेडानं डोकं धरतं आणि तुम्हाला तो कमी पडतो. एकदा डोळे दाखवून घ्या ना."

"तुला यातलं काय कळतं?" ते ओरडले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज असा चढला नव्हता. चहाचा कप कोपराला लागून खाली पडला. तो टेबलावर होता हे त्यांना दिसलंच नव्हतं. बायकोनं तुकडे उचलले.

डोळ्यांचा विषय निघाला की त्यांचं उत्तर तयार असायचं. डेपोची तपासणी होते आणि आपण पास होतो. ते खोटं नव्हतं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांना अजून घडाघडा वाचता यायची.

एका संध्याकाळी फेरी संपवून ते गाडी मागे घेत शेडमध्ये लावत होते. कंडक्टर नेहमीप्रमाणे मागे डाव्या अंगाला उभा राहून शिट्टी वाजवत होता. शिट्टी थांबली आणि किंकाळी आली. मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं.

"आरशात कुणी नव्हतं हो," कासवराव भेटेल त्याला सांगत राहिले. कंडक्टर आरशात दिसेल असाच उभा होता. शेडमधल्या दोघांनी तसं सांगितलं.

कंडक्टरचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

चौकशीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं तेव्हा कळलं, काचबिंदू. "समोरचं दिसतं, पण कडेचं बरंचसं गेलंय," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं. घरात अंधार वाटत नव्हता का?"

 बायकोच म्हणाली, "उजेड पुष्कळ होता, डॉक्टर. झाडं मेली त्यानं."

नोकरी गेली. कंडक्टर दवाखान्यातून घरी आल्याचं कळल्यावर कासवराव बायकोचा हात धरून त्याच्याकडे गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, पांघरूण कमरेपर्यंत ओढलेलं.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तपासणीत पास झालो होतो."

"ते मी विचारलेलं नाही."

कासवराव मग म्हणाले, "शंका होती."

"कधीपासून?"

"टाकीला दुसरी पट्टी लावली तेव्हापासून. दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, लाइटला काही झालेलं नाही. मग काय झालंय, ते तेव्हाच मनात आलं होतं."

"आणि मी रोज तुमच्या मागे उभा राहत होतो."

"हो."

कंडक्टरनं तोंड भिंतीकडे केलं. "या आता तुम्ही," एवढंच म्हणाला. जिन्यावर कासवराव थांबले, पुन्हा वर जायला वळले. बायकोनं दंड घट्ट धरला. "नको," ती म्हणाली, "आज नको." पुढे तो दिवस आलाच नाही.

टाकी बायकोनं एका सकाळी बादलीबादलीनं उपसली. मासे दुकानातल्या बाईंनी ठेवून घेतले. लाकडाला चिकटलेली झाडं सोडवायला गेली तर तिच्या बोटांत नुसता लगदा आला. कासवराव शेजारच्या खोलीत पाणी ओतल्याचे आवाज ऐकत बसून होते.

कंडक्टरला डेपोनं पासच्या खिडकीवर बसवलं. ही बातमीही त्यांना तिसऱ्याच कुणाकडून कळली.

थेंब आणायला आणि डोळ्यातला दाब मोजून घ्यायला त्यांना अजून दर महिन्याला दवाखान्यात जावं लागतं. सरळ रस्ता डेपोवरून जातो. तिथवर आलं की कासवराव म्हणतात, "गल्लीतून जाऊ." गल्लीत चढ आहे आणि बायकोचे गुडघे दुखतात. ती गल्लीकडे वळते.