दोन पिढ्या गँगमध्ये

चहा घ्या. बिस्कीट बुडवा, घाई नाही. मी सावकाश सांगणारा माणूस आहे. अबू धाबीला मुलाकडे राहायला आलो आणि इथल्या मराठी मंडळीत गुंड म्हणून गाजलो. कसा, ते ऐका. दोष कुणाचा नाही, माझ्याच कानांचा.

शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही. इंग्रजी म्हणाल तर दोनच शब्द पक्के, एक गँग आणि दुसरा ट्रॅक. उभी उमर कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये काढली ना. रूळ सरकवायचे, खडी भरायची, ऊन-थंडीत ट्रॅक सांभाळायचा. त्या टोळीला आम्ही गँगच म्हणायचो, साहेबही म्हणायचे.

मुलगा प्रशांत इथे मोठ्या ऑफिसात. खलिफा सिटीत घर, सून वर्षा आणि नात जुई. जुई दहावीला. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, मग मी मान हलवायची, असं आमचं बोलणं. प्रेम भरपूर हो, शब्दच कमी.

एका संध्याकाळी बापलेकीचं जुंपलं. मी सोफ्यावर लसूण सोलत बसलो होतो.

"स्टेजवर ते गँगवालं गाणं चालणार नाही. खलास," प्रशांत म्हणाला.

"डॅड, इट्स जस्ट अ ट्रॅक."

"ट्रॅक असो नाही तर काही. माझ्या ऑफिसचे लोक येतात संमेलनाला. गँग-बिंग ऐकून काय म्हणतील? दामलेंना फोन करून तुझं नाव काढायला सांगतोय."

जुई पाय आपटत खोलीत गेली. आतून हुंदके ऐकू यायला लागले. लसणाची पाकळी माझ्या हातातच राहिली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजावं? नात आजोबाच्या गँगवर गाणं करतेय, ट्रॅकवर करतेय, आणि पोराला ऑफिसच्या लोकांपुढे लाज वाटतेय. ज्या गँगच्या पगारावर हा शिकला, तीच गँग ह्याला स्टेजवर नको?

भांडण माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी काठी घेतली आणि दोन गल्ल्या सोडून दामल्यांच्या व्हिलावर गेलो. इथल्या मराठी कुटुंबांचं दरवर्षी संमेलन भरतं, त्याचे मुख्य हे दामलेसाहेब. बाईंनी चिवडा पुढे ठेवला.

"साहेब, जुईचं नाव काढू नका. पोरगी काही वाईट करत नाही."

"अहो आजोबा, प्रशांतच म्हणाले, गाणं गँगस्टर टाइप आहे. मुलांवर काय इन्फ्लुअन्स पडतो बघा ना."

स्टेशन तसं स्टेशनमास्तर, गँग तसं गँगस्टर. मला वाटलं, गँगमास्तरच म्हणताहेत.

"गँगने माणूस बिघडत नाही, सुधारतो," मी म्हटलं. "मी स्वतः उभी उमर गँगमध्ये होतो."

दामलेसाहेबांचा चमचा तोंडापाशी थांबला. "तुम्ही?"

"मग? आधी साधा माणूस, पुढे मुकादम झालो. माझ्या एका हाकेवर अख्खी गँग उभी राहायची."

"आणि... काम काय करायचात?"

"पडेल ते. पहारी, घण, सगळं बरोबरच असायचं. धुकं पडलं की फटाके लावायचो. गाड्या जागच्या जागी थांबायच्या."

"अगं बाई," दामलेबाई म्हणाल्या. मला वाटलं कौतुकाने.

"पोलिस काही म्हणायचे नाहीत?"

"ते काय म्हणणार? उलट बॉडी उचलायची असली की आम्हालाच बोलवायचे. त्यांना कुठे सवय."

एसी गारेगार होता, तरी दामलेसाहेबांनी कपाळ पुसलं. "प्रशांतला माहितीय हे?"

"त्याच्याच शिक्षणाला लागले की पैसे. आता लाज वाटते त्याला. पण नात माझ्यावर गेली. माझ्यानंतर तीच. तिचं नाव राहू द्या, एवढंच मागणं आहे."

"राहील, आजोबा. नक्की राहील. तुम्ही अजिबात मनावर घेऊ नका."

साहेब दारापर्यंत सोडायला आले. माझ्या चपला वाकून सरळ करून दिल्या. एवढा मोठा माणूस, पण किती नम्र, असं वाटभर मनात म्हणत मी घरी आलो.

माझ्या मागोमाग प्रशांत ऑफिसातून धावत आला. टाय खांद्यावर, चेहरा पांढरा.

"बाबा, दामलेंना काय सांगितलंत? ते विचारतायत, तुम्ही इंडियात वॉन्टेड आहात का."

मग उलगडा झाला. गँगस्टर म्हणजे गुंड. त्यांच्या मारामाऱ्या, पिस्तुलं, सोन्याच्या साखळ्या असं सगळं ठेक्यावर बोलायचं गाणं म्हणजे गँगस्टा रॅप. आणि ट्रॅक म्हणजे नुसतं गाणं. मीही सांगितलं, फटाके म्हणजे धुक्यात ड्रायव्हरला इशारा द्यायला रुळावर लावतात ते, आणि बॉडी म्हणजे गाडीखाली सापडलेल्याची.

"मग सरळ गुंड म्हण की," मी म्हटलं. "मला वाटलं, तुला आमच्या गँगची लाज वाटते."

वर्षा हसून हसून ओट्याला टेकली होती. प्रशांतही हसत होता, पण हे ऐकल्यावर थांबला. माझ्या पायाशी फरशीवरच बसला.

"बाबा, प्रत्येक इंटरव्ह्यूला मी पहिलं तुमचंच काम सांगितलंय. गँगमनचा मुलगा आहे म्हणून."

मी कांद्यांची टोपली जवळ ओढली आणि सोलायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्यावर ढकलता येतं.

एवढ्यात जुई बाहेर आली. मी म्हटलं, "ऐकव बघू, काय गाणं आहे ते." तिने लावलं. शब्द कळले नाहीत, पण दणका ओळखीचा वाटला. एक जण सांगतोय, मागून बाकीचे उचलून धरतायत. अहो, रूळ सरकवताना आम्ही हेच करायचो.

"आजोबा, दे आर अँग्री," जुई म्हणाली. मग माझ्यासाठी मराठी जुळवलं, "त्यांचं कोणी ऐकत नाही. म्हणून ते बीटवर बोलतात."

"शिव्या आहेत त्यात," प्रशांत म्हणाला.

"आमच्यात नव्हत्या होय? गँग मुकादमाचा उद्धार करायची, तेव्हा कुठे रूळ हलायचा. राग गाण्यात जायचा, हात मोकळे राहायचे." मग जुईकडे वळलो. "पण तू कधी पिस्तूल पाहिलंयस का?"

"नो."

"मग त्याची ऐट कशाला? पाहिलंयस ते म्हण."

पोरीने ते मनावर घेतलं. मुसफ्फाहून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातून, कामगारांना नेणारी बस, खिडकीला टेकून झोपलेली माणसं, त्यांच्या मांडीवरचे डबे, असं तिने लिहिलं. मराठीत, अडखळत, माझ्याकडून शब्द मागून मागून. मध्ये मी हाळी द्यायची, मागून तिच्या मैत्रिणींनी "हैश्शा" म्हणायचं. प्रशांतने ओळ न् ओळ तपासली. एकही शिवी नाही. दामलेंना स्वतः फोन करून तिचं नाव पक्कं केलं.

संमेलनाच्या दिवशी हॉल गच्च. जुई टोपी उलटी घालून उभी, शेजारी मी धोतरात, हातात पहारीसारखी काठी. तिने शब्दांची अशी काही फेक केली म्हणता, माझ्या अंगावर काटा आला. मी हाळी दिली, "धरा रे पहार..." पोरी म्हणाल्या, "हैश्शा." दुसऱ्या हाळीला अर्धा हॉल म्हणाला. तिसऱ्याला दामलेसाहेब खुर्चीवर चढले.

आणि मला चढलं. समोर हॉल दिसेना, घाट दिसायला लागला. तोंडातून आपोआप पुढची ओळ गेली, आमच्या गँगची, अस्सल, मुकादमाच्या नावाची. ती इथे सांगण्यासारखी नाही, चहा नाकात जाईल.

हॉलने खणखणीत "हैश्शा" दिलं. दामलेबाईंचा आवाज सगळ्यांत वर. मग अर्थ डोक्यात शिरला आणि बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणि मग टाळ्या. लोक उभे राहिले, शिट्ट्या काय, वन्स मोअर काय. पहिलं बक्षीस जुईला. मागच्या रांगेत माझा प्रशांत रडत होता की हसत होता, देव जाणे.

परतताना गाडीत तो म्हणाला, "जुई, गाणी कुठलीही ऐक. पण आजोबांची संगत कमी कर. वाईट परिणाम होतोय."

जुई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारते, "आजोबा, तो मुकादम खरंच इतका बॅड होता? कोण होता तो?"

काय सांगणार? खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मीच."