व्याह्यांचे अल्बम आणि मेंढरांचे दात

परदेशात राहून आलेल्या माणसांमध्ये माझ्या व्याह्यांइतका कमी परदेश पाहिलेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. सगळी उमेदीची वर्षं फौजेत काढली, सुभेदार होऊन निवृत्त झाले, मधला काही काळ शांतिसेनेची निळी टोपी घालून इथिओपियाच्या सरहद्दीवर होते. तिथून येताना फोटोंचे जाडजूड अल्बम घेऊन आले. बरोबरच्या जवानांनी रणगाड्याला टेकून, हेलिकॉप्टरच्या दारात उभं राहून फोटो काढून घेतले होते. आमच्या व्याह्यांनी मेंढरांचे काढले. तेही नुसते कळपाचे नव्हेत. कानांचे, खुरांचे, शेपटांचे आणि मुख्यतः दातांचे. पानामागून पान उलटावं, तर प्रत्येक पानावर कुणीतरी उंच, सडपातळ मेंढपाळ मेंढीचा जबडा उघडून धरलेला. एकदा म्हणे रोल धुऊन आला तो चुकून त्यांच्या मेजरसाहेबांच्या हातात पडला. साहेबांनी बोलावून विचारलं, "हवालदार, ये किसके दाँत हैं?" व्याह्यांनी सावधान होऊन सांगितलं, "मेंढी के हैं साब. चार दाती है, जवान है." साहेबांनी पाकीट मुकाट्यानं परत दिलं.

पडेगावातल्या त्यांच्या घरी गेलेला माणूस अल्बम पाहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. पलंगाखालची काळी ट्रंक ओढली जाते आणि पहिला हुकूम सुटतो, "हात धुऊन या." धुऊन आलं की दुसरा, "पुसा आधी, वले लावू नका." पान आपण उलटायचं नाही, "चला फुडं" म्हटल्यावर ते स्वतः उलटतात. मीटर बघायला आलेला माणूस एकदा असा सापडला, की त्या महिन्यात आमच्या व्याह्यांच्या सगळ्या गल्लीला अंदाजे बिलं आली.

मी पहिल्यांदा सापडलो तो आमच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत. मी मुलीचा बाप, उठून जायची सोयच नव्हती. तसे आम्हीही मेंढरंवालेच. पण आजोबांपर्यंत कळप होता, माझ्यापर्यंत पोहोचेतोवर नुसता स्वेटर उरला. उस्मानपुऱ्यात राहून मेंढीला दात किती असतात हे कुणाला ठाऊक? मी आपला "वा, वा" करत बसलो. मुलीला मात्र हसू आवरेना. तेवढ्यात व्याह्यांनी तिच्याकडे बारकाईनं पाहिलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पोरीचे दात चांगले हायेत." आमची ही तांबडीलाल झाली. "माझी मुलगी काय बाजारात उभी केली होती?" असं रिक्षातून उतरल्यावर तिनं मला विचारलं, जणू मीच म्हणालो होतो. त्या माणसाकडून याहून मोठं कौतुक व्हायचं नाही, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं.

त्या फोटोंमागची गोष्ट मला विहीणबाईंनी चहा देता देता सांगितली. व्याह्यांच्या वडिलांचा, आबांचा, देवगाव रंगारीकडे मोठा कळप. थोरल्यानं काठी घेऊन आपल्यामागं यावं अशी त्यांची इच्छा, आणि थोरला गेला भरतीला. आबांनी बोलणं टाकलं नाही, पण त्या दिवसापासून लेकाशी बोलायचं ते फक्त मेंढरांवर. सुट्टीवर आल्यावर 'कसा आहेस' नाही. 'तिकडची मेंढरं कशी?' इथिओपियाहून पहिला फोटो आला तेव्हा म्हणाले, "इतक्या लांबून काय कळतंय? दात कुठं दिसत्यात?" म्हणून मग दात. चरबीनं फुगलेल्या शेपटांचा फोटो आला, तर म्हणाले, "उशी बांधली असंल." म्हणून मग शेपट हातात धरून. "पोरगा कसा हाय, एवढं एकदा तरी इचारावं म्हाताऱ्यानं," विहीणबाई म्हणाल्या, "तेवढ्यासाठी चाललंय भाऊ हे सगळं. निस्ता कळप दावत बसत्यात, बोलत काई नाय."

लग्नानंतर जोडप्याला आबांच्या पाया पडायला घेऊन आम्ही सगळे गावी गेलो. व्याह्यांनी पिशवीत अल्बम घेतलाच होता. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. नातसुनेच्या हातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि अल्बम मांडीवर ओढला. मेंढरं नेहमीप्रमाणं तपासली गेली. ही म्हातारी, हिला पायाला खुरी झालेली, ही लाखात एक. मग त्यांनी आपणहून मागची पानं उलटली आणि एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही, बोट सरळ तिथंच गेलं. फोटोत मधोमध मेंढीचा जबडा होता, आणि कडेला, अर्धे कापले गेलेले, गुडघ्यावर बसून मेंढीचे मागचे पाय धरलेले आमचे व्याही.

"लई वाळला होता तू तिथं," आबा म्हणाले. "जेवाया देत नव्हते व्हय?"

"देत होते, आबा."

"मंग?"

व्याही उठले आणि मेंढरांना पाणी आहे का बघून येतो म्हणून गेले. पाणी आमच्यासमोर काठोकाठ भरलेलं होतं. आमची ही पदर डोळ्यांना लावून बसली. दातांवरचा तिचा राग त्या दिवशी गेला.

आबा गेल्या वर्षी गेले. पडेगावात ट्रंक अजून ओढली जाते, हात अजून धुवावे लागतात, जबडे सगळे पाहावे लागतात. फक्त त्या एका पानावर "चला फुडं" लवकर येत नाही. व्याही कोपऱ्यावर बोट ठेवतात आणि आलेल्या माणसाला सांगतात, "लई वाळलो होतो मी तिथं."

मी तो फोटो खूपदा पाहिला आहे. गाल चांगले भरलेले आहेत, पट्ट्यावरून पोट सुटलेलं आहे. मी दर वेळी म्हणतो, "हो, फारच."